इनास रिकाम्या हाताने वर आला

विहिरीत उतरण्यापूर्वी इनास मालकाला एकच प्रश्न विचारायचा. चपला कठड्याशी काढायच्या, मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात द्यायचं आणि मग अगदी गंभीर चेहऱ्याने, "पडलंय का टाकलंय?" समोरचा माणूस गोंधळायचा. बादली निसटली, पंपाचा फूटवाल तुटला, वाकल्यावर खिशातला मोबाईल घसरला, असलं काहीतरी सांगायला तो बिचारा आलेला असायचा. मुद्दाम कोण टाकणार? इनास त्याच्याकडे बघायचा, त्याच्या मागे उभ्या असलेल्या घरच्यांकडे जरा जास्त वेळ बघायचा, छातीवर क्रुसाची खूण करायचा आणि पायऱ्या उतरून दिसेनासा व्हायचा.

वसईत होळी बाजाराच्या अलीकडे आमची वाडी. केळी, भाजीपाला, थोडी फुलं आणि जवळजवळ प्रत्येक घराला विहीर. इनास आणि मी शाळेत एका बाकावरचे. पुढे मी पोस्टात चिकटलो आणि तो सातिवलीला एका गाळ्यात वेल्डर झाला. पण वेल्डर ही त्याची ओळख कधीच नव्हती. विहिरीत काही गेलं की लोक इनासला हाक मारत. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात फादरांपेक्षा जास्त माणसं त्याच्याभोवती असत. मोबदला म्हणून तो केळीची फणी घेई आणि ती घरी पोचेपर्यंत निम्मी खाऊन टाकी. त्याचा एकच अभिमान होता: चाळीस वर्षांत आपण पाण्यातून रिकाम्या हाताने वर आलो नाही. हे तो इतक्या वेळा सांगे की एकदा तरी त्याचे हात रिकामे राहावेत अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत असे. देव असल्या प्रार्थना फार मन लावून ऐकतो, हे मला उशिरा कळलं.

त्याच्या प्रश्नाचा अर्थ मला एका खलबत्त्यामुळे कळला. पलीकडच्या आळीतल्या एका सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता विहिरीत गेला. घासायला नेला होता, हातून सुटला, असं सून म्हणाली. मसाला मिक्सरमध्ये वाटला की त्याचा वास मरतो, असं या सासूबाईंचं ठाम मत होतं आणि ते मत गेली सहा वर्षं सुनेच्या दंडात दुखत होतं. इनासने नेहमीचा प्रश्न विचारला, सुनेकडे पाहिलं आणि उतरला. वर आला तेव्हा हातात एक जुनाट तांब्या होता. खलबत्ता काही गावला नाही, गाळ फार आहे, तांब्या घ्या, असं म्हणून त्याने अंग पुसलं. पुढच्या आठवड्यात त्या घरात मिक्सर आला. परतताना मी त्याला छेडलं, इतका मोठा खलबत्ता तुला दिसला नाही? तो केळं सोलत म्हणाला, "विन्या, पडलेलं मालकाचं. टाकलेलं पान्याचं. पान्याच्या घरात चोरी करू नये."

बायको गेल्यापासून त्याला धाक होता तो फक्त मुलीचा, सिल्वियाचा. ती मालदीवला एका कंपनीच्या कचेरीत आहे. कंपनीच्या बोटी समुद्रात बुडी मारायला आलेल्या पर्यटकांना आठ-आठ दिवस दूरच्या बेटांवरून फिरवतात. खाणं, झोपणं, बुड्या मारणं सगळं बोटीवरच. एका उन्हाळ्यात इथे विहिरीत इनासचा पाय दोरात अडकला आणि तो वर आला तेव्हा ओठ निळे पडलेले होते. सिल्वियाला हे कुणीतरी कळवलं. कुणी ते मी सांगणार नाही, पण पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाला निरोप दाबून ठेवता येत नाही. ती रजा टाकून आली, रडली, भांडली आणि शेवटी बाप-लेकीत करार झाला. वाडीतल्या क्रुसापाशी उभं राहून इनासने शब्द दिला की ज्या दिवशी मी पाण्यातून रिकाम्या हाताने वर येईन, त्या दिवसापासून विहीर बंद. सिल्वियाला वाटलं, वय झालंय, फार लांब नाही तो दिवस. इनासला वाटलं, असा दिवस येणारच नाही. दोघंही खुशीत जेवले.

पुढच्या वर्षी मालदीवच्या बोटीवर हंगामाच्या शेवटच्या फेरीत दोन खाटा रिकाम्या राहिल्या आणि त्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मिळाल्या. बापाला एकदा तरी पाठीवर नीट हवेची टाकी घेऊन, नीट माणसांच्या देखरेखीखाली पाणी बघू दे, असं सिल्वियाच्या मनात होतं. पाण्याखाली जोडीनेच जावं लागतं, म्हणून दुसरी खाट माझ्या नशिबी आली. त्याआधी मुंबईत एका पोहण्याच्या तलावावर शिकायला जावं लागलं. तिथला पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही, फुप्फुसं फाटतात. इनास हे ऐकून पाठीवरच्या टाकीसकट खाली बसला. "चाळीस वर्सं मी चुकीचंच केलं काय?" असं त्याने शिकवणाऱ्या पोरीला विचारलं. दम धरणं विसरायला त्याला दोन आठवडे लागले. मी पाचव्या दिवशी पास झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा इनासच्या पुढे गेलो, ही नोंद इथे करून ठेवतो.

बोटीवर आम्ही बाराजण होतो. पाण्याखालचं काही उचलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, असा वाटाड्याचा कडक हुकूम होता. फक्त माणसांची घाण उचलायला परवानगी होती. इनासला तेवढं पुरलं. पहिल्या तीन दिवसांत त्याने जाळ्याचे तुकडे, बाटल्या, एका पाहुण्याचा हरवलेला चष्मा आणि आमच्याच बोटीच्या स्वयंपाक्याचा झारा वर आणला. झारा कधी पडला हे स्वयंपाक्यालाही ठाऊक नव्हतं. सगळी बोट इनासवर खूश झाली आणि आमटीत त्याला खोबरं जास्त पडू लागलं. मी त्याचा जोडीदार, पण मला काही जास्त पडलं नाही.

बोटीवर मराठी बोलणारं आणखी एकच जोडपं होतं, पुण्याचे देसाई आणि माधवीताई. देसायांकडे एक भलामोठा कॅमेरा होता, दोन बाजूंना दिवे लावलेला. पाण्यात ते टाकीवर सळई आपटून टणटण आवाज करत. तो माधवीताईंसाठी असे. कासव दिसलं, टणटण, ताई कासवाशेजारी. मोठा मासा आला, टणटण, ताई माशाच्या उजवीकडे, हनुवटी वर. मासा केवढा आहे ते फोटोत कळावं म्हणून त्यांना उभं करायचं. वर आल्यावर देसाई फोटो दाखवायचे आणि ताईंचे डोळे मिटलेत म्हणून चिडायचे. एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, आजचं कासव कसं होतं? त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत हो. ते माझ्या पाठीमागे होतं." इनास पानात बघून म्हणाला, बाई रोज पाण्यात जाते, पण पाणी बघत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कॅमेरा समुद्रात गेला. बोट एका बेटाच्या आडोशाला नांगरून होती. मागच्या बाजूला, पाण्यालगतच्या फळीवर माधवीताई तो गोड्या पाण्याने धूत होत्या, बोट हलली आणि हातून सुटला, असं त्यांनी सांगितलं. देसाई अंगाला साबण असतानाच धावत आले. खाली वीसेक मीटर खोल, स्वच्छ वाळू. वाटाड्याने तयारी केली आणि सगळ्यांच्या नजरा इनासकडे वळल्या. माझीही वळली, कारण हा तो प्रश्न विचारणार हे मला माहीत होतं. त्याने तो विचारलाच. "ताई, पडला का टाकला?" देसाई म्हणाले, अहो, टाकेल कशाला? ताई म्हणाल्या, पडला. त्या देसायांकडे बघून म्हणाल्या, इनासकडे बघून नाही.

वाटाड्या नांगराच्या बाजूला गेला, आम्ही दोघे दुसऱ्या बाजूला. इनासने घाई केली नाही. फळीच्या बरोबर खाली जाऊन थांबला, पाणी कुठे ओढतंय ते बघितलं आणि हळूहळू एका खडकाकडे निघाला. पाच मिनिटांत कॅमेरा दिसला. खडकाच्या पायथ्याशी नीट उभा होता. त्याच्याभोवती आम्ही कमरेला बांधतो त्या शिशाच्या वजनांचा पट्टा दोनदा गुंडाळलेला होता आणि वरून हिरव्या ओढणीची पक्की गाठ. ती ओढणी ताई रोज ओल्या केसांना बांधत. हातून सुटणारी वस्तू शिसं बांधून घेऊन सुटत नाही.

इनासने माझ्याकडे पाहिलं. तोंडात नळी असताना माणसाला हसता येत नाही, पण त्याचे डोळे खलबत्त्याच्या दिवसासारखे झाले होते. मग ते तसे राहिले नाहीत. करार मलाही आठवला आणि त्यालाही. विहिरीत खलबत्त्याच्या बदल्यात तांब्या तरी होता. इथे चारी बाजूंना नुसती वाळू आणि प्रवाळ, ज्याला हात लावायचा नाही. शिशाचं एक वजन नेलं तरी ते कुठून आलं हे विचारलं गेलं असतं. मी त्याला खुणेने सांगितलं, घे, घेऊन चल. खरंच सांगतो, मला त्या क्षणी ताईंची पर्वा नव्हती, मला माझ्या मित्राच्या विहिरी दिसत होत्या. तो थोडा वेळ गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्याने ओढणी सोडली, बारीक घडी करून पोशाखाच्या आत छातीशी कोंबली आणि कॅमेरा खडकाखालच्या खोबणीत सरकवला, वाटाड्याला दिसू नये असा. आणि मला वर चलण्याची खूण केली.

फळीवर चढून त्याने दोन्ही तळवे सगळ्यांना दाखवले. "नाय गावला," तो म्हणाला. संध्याकाळी माधवीताईंच्या पंच्यात त्यांना ओढणी घडी करून ठेवलेली मिळाली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा इनास चहात बिस्कीट बुडवत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या बिस्किटात होतं. हे सगळं बरोबर झालं असं माझं म्हणणं नाही. माणसाची वस्तू माणसाला मिळायला हवी, आणि समुद्रात कॅमेरे ठेवू नयेत. कॅमेऱ्याचा विमा होता, एवढ्यावर मी माझी समजूत घातली. देसायांनी एक दिवस रुसून काढला. दुसऱ्या दिवशी ते मोकळ्या हातांनी पाण्यात आले. करण्यासारखं काही नसल्यामुळे बायकोच्या मागे मागे पोहत राहिले. त्या दिवशी एक प्रचंड मांटा, पंख्यासारखा मासा, आमच्या डोक्यावरून गेला. ताई उताण्या होऊन त्याच्याकडे बघत राहिल्या, कुणीही टणटण केलं नाही. वर आल्यावर त्या इतकं बोलल्या की देसायांना आपली बायको बोलते हे नव्याने कळलं असावं.

आम्ही वसईला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बोटीचा अहवाल सिल्वियाच्या कचेरीत गेला आणि तिथून वाडीत. सिल्वियाने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "डॅडी, आपलं काय ठरलं होतं?" इनास म्हणाला, ठरलं ते ठरलं. मी त्याला परोपरीने विनवलं, निदान मुलीला तरी खरं सांग. तर म्हणे, एका बाईची गोष्ट आपल्या केळ्यांसाठी विकायची नाय. त्यानंतर तो विहिरीत उतरला नाही. कठड्यावर उभा राहून दुसऱ्यांना सांगायचा, डावीकडे बघ, खाली कपार आहे. लोक तोंडावर म्हणायचे, इनास म्हातारा झाला, उघड्या वाळूवरचा कॅमेरा दिसला नाही त्याला. तोही हसून म्हणायचा, डोळे गेले बाबा. मला मात्र फार राग यायचा. दोनदा तर सगळं बोलून टाकायचं अगदी ओठांवर आलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने माझ्या पायावर पाय दिला.

दोन वर्षांनी एका दुपारी, जेवून आरामखुर्चीत बसल्या बसल्या इनास गेला. महिन्याच्या मिस्सेनंतर सिल्विया माझ्याकडे आली. चहाचा कप हातात धरून बसली आणि म्हणाली की तिला सगळं ठाऊक होतं. बोट परतल्यावर आठवड्यातच माधवीताईंनी आभाराचं पत्र पाठवायला तिच्या कचेरीकडे इनासचा पत्ता मागितला होता आणि न राहवून सगळं लिहिलं होतं. "मी त्याला म्हणायला हवं होतं, डॅडी, तुला सापडला होता, तू शब्द हरला नाहीस. पण तसं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो विहिरीत असता. मी गप्प बसले, विनूकाका. लोक त्याला म्हातारा म्हणत होते आणि मी ऐकून घेत होते. त्याला कळलं असतं तर काय वाटलं असतं?"

आता माझ्या पायावर पाय द्यायला कुणी नव्हतं. मी सांगितलं, त्याला कळलं होतं. वर्षभरापूर्वीच तो मला म्हणाला होता, "पोरीला सगळं म्हायती हाय. आमटीत मीठ कमी का, ते ती मला तीनदा विचारते. कॅमेरा कसा नाय गावला, ते तिनं एकदा पन विचारलं नाय. तिला बोलू नको विन्या. मी जिवंत रहावा म्हनून करते, तिला करू दे."

सिल्वियाने विचारलं, "खरंच असं म्हणाला?" मी हो म्हटलं. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अगदी असंच म्हणाला?" मी म्हटलं, शब्दन् शब्द. थोड्या वेळाने डोळे पुसत तिने पुन्हा विचारलं, खरंच ना, आणि आपण तिसऱ्यांदा विचारतोय हे लक्षात येऊन ती हसायला लागली, आणि हसता हसता मोठ्याने रडली.