न उचललेला बेलभंडार

आमच्या घरात दारू आहे हे गावात सगळ्यात आधी कळलं कासारणीला. बांगड्या भरताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "परवाच भरल्त्या की गं. इतक्या जल्दी फुटतात व्हय कुनाच्या?" मी म्हटलं, जात्यावर हात आपटला. तिचा विश्वास बसला नाही हे दिसतच होतं. शेवटची बांगडी चढवताना ती हळूच बोलली, "मंठ्याला खंडोबाच्या देवळात बाजाराच्या दिशी दारू सोडलेली मानसं बसतात. घिऊन जा मालकाला."

तसं त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. दारात कोसळायचे, मी ओढून आत घ्यायची, त्यात बांगड्या फुटायच्या. आमचे हे सुतार. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती आमच्यात, आणि आता ते नसताना नाव घेऊन तरी काय करायचंय? गाडीचं चाक करावं तर यांनीच, असं आसपासची गावं म्हणायची. पण सकाळी हात असा थरथरायचा की तासायचा वाकस लाकडावर पडतो की बोटांवर, या धास्तीनं मी चुलीपुढून उठून बघायची. निजामाच्या राज्यात कशाकशाची टंचाई असेल, पण दारूच्या गुत्त्यांची नव्हती. पदरात एकच मुलगी उरली होती, तिच्या आधीची दोन गेली होती. यांचा हात गेला की आम्हा तिघांचं पोट गेलं, हे मला लख्ख दिसत होतं.

त्याआधी मी काय करायचं ठेवलं होतं? जांबच्या देवळात जाऊन नवस बोलले, वैदूची पूड ताकात घातली, भांडले, रुसून माहेरी गेले आणि कुणी न्यायला येईना म्हणून आपल्याच पायांनी परत आले.

कासारणीचं सांगणं ऐकून ते म्हणाले, "चल." एवढ्या सहज म्हणाले की मला रडूच आलं.

बाजाराच्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही मंठ्याला उतरलो. दारू सोडलेले कुठं बसतात, असं बाईमाणसानं भर बाजारात विचारायचं कसं? मी नुसतं खंडोबाचं देऊळ विचारायची. लोक आधी यांच्या हातांकडं बघायचे आणि मग रस्ता दाखवायचे. मेल्यांना सगळं ठाऊक होतं.

गुत्ता भरायच्या वेळेलाच ही माणसं देवळात जमत. फुटाणे खात, भजनं म्हणत, आपण कुठं कुठं पडलो होतो ते सांगून हसत आणि गुत्ता बंद झाला की घरी जात. मी मुलीला मांडीवर घेऊन दीपमाळेशी बसले. त्यांच्यातला वडीलधारा म्हणजे एक म्हातारा तेली. त्यानं यांच्यापुढं ताट सरकवलं. ताटात शपथेसाठी बेलाची पानं आणि हळदीचा भंडार.

"उचला पाव्हनं, आन् सोडली म्हना. उचलल्याबिगर हितं बसता येत न्हाई."

यांनी ताटाकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं आणि हात जोडले. "मी न्हाई उचलत."

"का बरं? सोडायची न्हाई का?"

"सोडायचंच पाहून राह्यलो. पन उद्या न्हाई सुटली तर? देव माझ्यावर थोडाच उठनार हाय? पोरीवर उठंल. दोन गेलेत माझे."

मला राहवेना. पदर सावरायचंही भान नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "यांच्या बदली मी उचलते."

म्हातारा रागावला नाही. "माय, पिनाऱ्यानंच उचलावं लागतं. तू उचलून काय सुटनार?"

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, देवाचा आला आणि सगळ्यात जास्त यांचा आला. तेवढ्यात पायरीवरून हाक आली. त्या दारू सोडलेल्यांतलाच एक मुसलमान पिंजारी बाहेर बसून भजन ऐकत असे. तो म्हणाला, "इधर आव भाई. इधर बैठनेकू कसम नै लगती." हे त्याच्याशेजारी, चपलांजवळ जाऊन बसले.

त्या दिवशी ते प्याले नाहीत. पुढंही मंठ्याला गेलो की त्या दिवशी प्यायचे नाहीत. पण बाजार आठवड्यातून एकदा भरतो आणि गुत्ता रोज. आत बेलभंडार उचलून गेलेले पिऊन परत यायचे, रडायचे आणि पुन्हा उचलायचे. त्यांची पोरं देवळापुढं धडधाकट हुंदडत असायची. परतताना मी गाडीत म्हणायची, "बघा की त्याची पोरं. काय झालं त्यांना?" ते म्हणायचे, "त्याला चार हायेत. आपली एकच हाय." नवरा जरासा खोटारडा असता तर किती बरं झालं असतं, असं वाटायचं मला.

पुढं पेरण्या लागल्या, गाडी मिळेना, मंठ्याला जाणं सुटलं. त्यांच्या हातातला वाकस सुटला, अंथरूण धरलं आणि दुसरा उन्हाळा काही त्यांनी पाहिला नाही. मातीला मंठ्याहून तेली आणि पिंजारी दोघंही आले होते.

मुलगी आता लेकुरवाळी आहे. बापाचा विषय निघाला की तिचा आवाज चढतो. "माझ्यासाठी तरी सोडायला पायजे व्हती त्यायनं." ताटापुढं जोडलेले ते हात मला दिसतात. ते कुणासाठी जोडले होते हे तिला कळलं, तर ती ते जन्मभर उरावर घेऊन फिरेल.

म्हणून मी म्हणते, "व्हय बाई, सोडायला पायजे व्हती."