न कापलेलं गवत

वडील गेले त्या वर्षी मी डोंगरावरचं गवत कापू दिलं नाही.

जासईमागच्या उतारावर आमची वरकस जमीन आहे. तिथे भात होत नाही. गवत होतं आणि मधूनमधून आईनाची झाडं. आजूबाजूच्या वरकसावर लोकांनी मुरूम खणला, सपाटी करून कंटेनर रचले. वडिलांनी आमचा तुकडा गवतालाच ठेवला. दिवाळीनंतर एक कातकरी बाई नवऱ्याला घेऊन कापायला यायची. गवत ती तबेल्याला विकायची. त्याबदल्यात दोघं हद्दीवरचा पट्टा जाळून ठेवायची, म्हणजे बाहेरचा वणवा आत येत नसे.

थोरले चुलते हसायचे. "गवतान काय भेटतं रं तुला?"

"गवत," वडील म्हणायचे.

वडील गेल्यावर दोन महिन्यांनी, मी गावच्या घरी असताना, ती बाई विळा घेऊन दारात आली. "बाय, कापू ना?"

मी नको म्हटलं. ते गवत वडिलांच्या डोळ्यांदेखत उगवलेलं होतं. शिवाय रानाला हात लावू नये, असं मी पुस्तकांत वाचलं होतं.

"सुकलेला गवत उभा ठेवू नको," एवढं म्हणून ती गेली.

फाल्गुनात वणवा आला. मी घणसोलीच्या माझ्या घरून पोचले तेव्हा भर दुपार होती आणि जमीन चपलेतून भाजत होती. वडिलांनी राखलेली आईनाची रोपं माझ्या खांद्याला आली होती. त्यांच्या काळ्या काड्या उरल्या होत्या. तेव्हापासून कुठेही पालापाचोळा जळाला की मी खिडकीशी जाते. वडील हद्दीवर उभे आहेत, असं वाटत राहतं.

"झाली हौस?" चुलते म्हणाले. "आता तरी विक्रीच्या कागदावर सही कर. कंटेनर यार्डवाला अजून थांबलाय. जल्लेली जमीन कोनासाठी राखतंस?"

मी सही केली नाही. 

पावसात गवत पुन्हा कमरेएवढं वाढलं. यंदा दिवाळीनंतर मीच त्या बाईला बोलवायला तिच्या वाडीवर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ती दोघां वीटभट्टीवर गेली. गेल्या साली तुमी गवत दिला नाय ना."

बाजारातून विळा घेतला. हद्दीच्या कडेला बसून मी गवताची मूठ धरली आणि कापू लागले. सूर्य डोक्यावर येईपर्यंत दहा पावलं कापून झाली. पुढे अख्खा उतार पिवळा पडत होता.