आत्याचा मोबाईल

गंगापूर रोडला आमची फुलवाली बसायची ना, तिच्याकडे चायनाचा मोबाईल होता. दोन सिम, बॅटरी, रेडिओ. गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवायची. "आजी, याच्यात टीव्ही बी दिसतो!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र तिचं वेगळंच गाऱ्हाणं. हरसूलला भावाच्या लेकीचं बारसं, ही एकुलती आत्या, आणि झेंडूचा ढीग टाकून जाणार कशी?

"माझ्याबिगर नाव कोण ठेवल वो?" म्हणाली, आणि भावाला फोनच लावला. "दादा, मोबाईल पोरीच्या कानाला धर. आवाज बारीक कर, दचकल ती."

पदराआड तोंड करून तिनं "कुर्रर्र" केलं, हळूच नाव सांगितलं.

आता अशा वेळी आत्याच्या पाठीत धपाटे नकोत का? मी पिशवी खाली ठेवली आणि घातले की दोन!