सावंतांच्या नावाची नोटीस

परवा मुलुंड स्टेशनजवळच्या दवाखान्यात माझ्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. हात हलका झाला... मन मात्र अजून सावंतांपाशीच आहे.

आमच्या बिल्डिंगच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. तिच्या झाकणाचा पत्रा गंजला होता. एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना माझा पाय त्यातून आत गेला आणि मी मनगटावर आपटले.

सावंत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गिरणी बंद पडल्यापासून भांडुपच्या एका कारखान्यात जातात, आणि उरलेल्या वेळात सोसायटीचं काम करतात, तेही फुकट. त्यांनीच मला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. दुसऱ्या दिवसापासून सावंतवहिनी रोज सकाळी माझी वेणी घालायला येऊ लागल्या.

मी टायपिंग क्लासमध्ये शिकवते. हात बंद म्हणजे पगार बंद. माझा धाकटा भाऊ विनू वकील आहे, तो तापलाच. "ताई, सोसायटीला नोटीस देऊ. भरपाई हा तुझा हक्क आहे."

"अरे, पण मीही खाली बघून चालत नव्हते."

"तेही सांगू. झाकण सडलं होतं हेही सांगू. कुणाची चूक किती, ते कोर्ट ठरवेल ना."

नोटीस सेक्रेटरीच्या नावे जाणार होती. तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी मला जिन्यात गाठलंच. "लोक असे कोर्टात जायला लागले तर उद्या सेक्रेटरी कोण होईल गं?"

राग आला, पण भरपाई सगळ्यांच्या वर्गणीतून जाणार, म्हणजे थोडी माझ्याच. आणि जी बाई रोज माझे केस विंचरते, तिच्या नवऱ्याला मी कोर्टाची भीती घालायची? विनूने तयार करून आणलेली नोटीस मी कपाटात ठेवून दिली. टाकीवर कुणीतरी एक फळी टाकली होती, आणि पोरं तिच्यावरून उड्या मारत होती.

रविवारी टीव्हीवरचा सिनेमा लागायच्या आधी सावंत स्वतःच आले. जिन्यातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं.

"बाई, नोटीस कुठे अडकली?"

मी कपाटाकडे बघितलं.

"दोन वर्षं मीटिंगमध्ये बोंबलतोय, झाकण बदला म्हणून. सगळे म्हणतात, पुढच्या वेळी बघू. वकिलाचा कागद टेबलावर पडू दे, चहा यायच्या आत मंजुरी मिळते की नाही बघा."

"पण त्यात तुमचं नाव आहे..."

"सेक्रेटरी मी, तर नाव माझाच येतला मां," सावंत हसले. मग हळूच म्हणाले, "पाठवा. त्या फळीवर पोरं नाचतात, मला झोप नाही."

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. मीटिंगमध्ये नवीन झाकण मंजूर झालं, माझा दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगारही. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. कुलकर्णीकाकूंनीही हात वर केला होता.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सगळेच सेक्रेटरी काही सावंत नसतात...

नोटीस पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या होत्या. वेणी नेहमीपेक्षा जरा घट्ट घातली, एवढंच.

आता माझी वेणी मला घालता येते. पण आज सकाळी दारात वहिनी कंगवा घेऊन उभ्या दिसल्या, आणि मी केस सोडून त्यांच्याकडे पाठ करून बसले.