सुतक नावाचा बँड आणि आमची गायत्री

सुरतमधल्या कोसाडच्या कॉलनीत कुणाकडे मयत झाली की आधी मला निरोप येतो. माझं नाव उषाबाई. खानदेशातून इथे आलेल्या आमच्या बायकांत हेल काढून रडायची रीत आहे, आणि माझ्यासारखा हेल दुसरीला जमत नाही. हे माझ्याच तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला बसलेलं नाही. गेलेलं माणूस कुठे राबलं, कुणाच्या अडीनडीला धावलं, ते एकेक आठवून आळवायचं असतं. बाकीच्या बायका रडतात, सांगते मी.

गायत्री माझी भाची, माझ्या भावाची, सुपडूची पोर. लहानपणी शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि माझ्यामागे मयतीच्या घरी. मी हाकलून हाकलून थकले. "आत्या, रडताना तुझा आवाज पोटातून कसा येतो गं?" हे विचारायची. कार्टीनं बसल्या बसल्या सगळं उचललं.

मोठी झाल्यावर ती कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला लागली. तीन वर्षांपूर्वी तिनं लखन आणि योगेंद्र या दोघांना धरून बँड काढला. लखन लूम, म्हणजे यंत्रमाग चालवतो. गणपतीत ढोल बडवायचा, तो ड्रमवर बसला. योगेंद्र एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर असतो, त्यानं कुणाची तरी जुनी गिटार आणली. मला वाटलं, भजनं म्हणतील. कुठलं काय. अंगात काळे कपडे, डोळ्यांत बोटभर काजळ आणि गाणी सगळी मसणातली. त्याला गॉथिक मेटल म्हणतात म्हणे. बँडचं नाव ठेवलं 'सुतक'.

मी म्हटलं, "अगं मेले, सुतक कुणी हौसेनं घरात आणतं का?"

"आत्या, तुझंच काम करतोय," ती म्हणाली. "आम्ही फक्त वीज लावली."

सुट्टीच्या वारी लूमच्या खात्यात, मागांच्या शेडमध्ये, त्यांचा सराव चालायचा. मुकादम भिकन किल्ली द्यायचा. शेजारच्या खात्यांची सुट्टी वेगळ्या वारी, ती धडधडत असायची, त्यामुळे तक्रार करायला कोणाला काही ऐकूच जायचं नाही. मी एकदा डबा द्यायला गेले आणि दारातच थांबले. त्या गदारोळात पोरीचा हेल वर चढला तो माझाच होता, पण माझ्यापेक्षा लांब टिकला. तिला मी हे सांगितलं नाही. लगेच सांगितलं की पोरं शेफारतात.

सुरुवात काही धड झाली नाही. आमच्याच गणपती मंडळात दुसऱ्या गाण्याला कार्यकर्त्यांनी वायर काढली. "ताई, अहिराणी लावा, पोरांना नाचायचंय." बारडोलीला एका हॉटेलाच्या उद्घाटनात मालकानं तिसऱ्या गाण्याआधीच तिघांना हात धरून जेवायला बसवलं. जेवण मात्र चांगलं होतं असं लखन अजून सांगतो. पण त्या दोन गाण्यांचे व्हिडिओ कुणी तरी काढले, ते फिरले, आणि एका कॉलेजातून बोलावणं आलं.

तिथे गायत्रीला नवं गाणं म्हणायचं होतं. आईवरचं.

माझी भावजय वत्सला कोरोनात गेली. दवाखान्यातून परस्पर नेली. मी तेव्हा गावी अडकलेले. शंभर घरी रडलेली बाई मी, माझ्या भावजयीच्या दारात कोणी एक हेल काढला नाही. ही गोष्ट मला आजही टोचते. सुपडू तर त्या दिवसापासून तिचं नावच घेत नव्हता. गाण्याचं कळल्यावर तो भडकला.

"घरातलं मरण चव्हाट्यावर मांडायचं नाही."

मी त्याच्याशी दोन दिवस भांडले. शेवटी तो गायत्रीला म्हणाला, "एकदा येतो. मला नाही पटलं तर त्या दिवसापासून तुझं गाणं म्हणणंच बंद."

पोर हो म्हणाली. दिलेला शब्द ती मोडत नाही, म्हणून मलाच घाम फुटला. गाणं गेलं तर ती आतून विझेल, हे मला दिसत होतं. शिवाय तीस वर्षं लूमवर काढून सुपडूचे कान गेलेले. ज्याला दारावरची थाप ऐकू येत नाही, तो गाण्याचा न्याय काय करणार?

कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी हजारभर पोरं जमली होती. सुपडू न विचारता सगळ्यात पुढे जाऊन उभा राहिला. लखननं ड्रमवर ठेका धरला, योगेंद्रची गिटार गुरगुरली, आणि गायत्रीनं, आई कुठे गेलीस म्हणत, हेल काढला. "व मन्ही माय, कथी गयी व..." पुढचे शब्द त्या आवाजात माझ्यासारख्या मुरलेल्या बाईलाही नीट कळेनात. पोरं मात्र मुकाट झाली. शेजारची एक गुजराती मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती. वत्सलाचा हेल निघाला होता, आणि तो तिच्या लेकीनं काढला होता.

सुपडूनं पोरीच्या तोंडावरून नजर हलवली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लूमच्या खात्यात ओरडून उपयोग नसतो, तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. हजार माणसांत एकट्या त्यालाच पोरीचा शब्द न् शब्द समजत होता.

गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. गायत्री खाली उतरली ती थेट बापासमोर. काजळ गालावर ओघळलेलं. लखन आणि योगेंद्र मागे खांबासारखे उभे.

"एक चूक आहे," सुपडू म्हणाला.

पोरीचा चेहरा उतरला. "कोणती, दादा?"

"तू म्हणालीस, आई हातात पिशवी घेऊन सुरतला उतरली. पिशवी माझ्याकडे होती. तिच्या हातात तू होतीस, सव्वा महिन्याची. पुढच्या वेळी तसं म्हण."