दहा शब्दांचं वाक्य

दाराची साखळी न काढता बाई दार चार बोटं उघडायच्या आणि त्या फटीतून विचारायच्या, "कोण? आणि काहून?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन भागत नसे. दुसऱ्याचं पटलं, तरच साखळी निघे. मी त्यांची शेजारीण, त्यांच्याच शाळेची लायब्ररी सांभाळणारी, वीसेक वर्षांच्या ओळखीची. तरी दोन्ही उत्तरं मलाही द्यावी लागत.

"मी आहे बाई. चहाला आले."

"काहून? तुझ्या घरी चहा संपला काय?"

तुम्हीही अशी संशयी माणसं पाहिली असतील. बहुतेकांचा संशय कडवट असतो. बाईंचा नीटनेटका होता. लायब्ररीचं पुस्तक घेताना त्या शेवटचं पान आहे ना, ते आधी बघत. सराफ्यात एकदा तुटलेली बांगडी डाग देऊन सांधायची होती, तर सोनारासमोर स्टूल ओढून बसल्या आणि डाग बसेपर्यंत त्याच्या हातांवरची नजर काढली नाही. सोनार वैतागून म्हणाला, "बहनजी, पलक तो झपका लीजिए." बाई म्हणाल्या, "घर जाके झपकाऊँगी, भैया."

बाई यहुदी होत्या. मूळच्या कोकणातल्या बेने इस्रायल, घरात मराठीच. वडील कारखान्यात नोकरीला लागले म्हणून हे कुटुंब इकडे हिंदी मुलखात, खमरियाला आलं आणि इथलंच झालं. आडनावाच्या शेवटी 'कर', त्यामुळे मराठी बायकांना त्या आपल्यातल्याच वाटत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, लागे. त्याआधी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावत, शनिवारी चूल पेटवत नसत, फोन घेत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "उपास आहे." मला हे कळायला सहा वर्षं लागली. कळल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "तू काहून विचारून राहिली, ते मला कळलं नव्हतं."

त्यांच्या वडिलांच्या कबरीचा दगड भेडाघाटच्या कारागिराने कोरला. त्यावर चार ओळी हिब्रूच्या. कारागिराला ती लिपी येत नव्हती. मी काळजीने म्हटलं, चुकलं तर? बाई म्हणाल्या, "त्याला वाचता येत नाही म्हणून तर दिलं. वाचता आलं असतं, तर त्याने आपली अक्कल लावली असती."

त्यांचं जवळचं माणूस एकच, धाकटी बहीण. ती नर्स होऊन कॅलिफोर्नियाला गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच वारली. तिची मराठी पत्रं एका पत्र्याच्या पेटीत होती. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी एखादी ओळ गाळते की काय, याची त्या परीक्षा घेत. ओळ न् ओळ त्यांना पाठ असायची. मी मुद्दाम चुकले तर लगेच, "मागे जा."

त्या पत्रांतून मला अमेरिकेतल्या यहुदी बायका भेटल्या. बहीण पहिल्यांदा तिथल्या सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, गेली, तेव्हा साडी नेसलेल्या बाईला पाहून बायकांनी विचारलं, तू खरंच यहुदी आहेस? कुणाशी लग्न करून झालीस? तिने सांगितलं, जन्मापासून. विश्वास बसला नाही. मग नवस फेडायला तिने मलिदा करून नेला: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. टेबलावर केक संपले, मलिदा तसाच. हा कुठल्या तरी देवाचा प्रसाद असेल, असं त्या आपसात कुजबुजत होत्या. शेवटी पोलंडहून आलेल्या एका म्हातारीने चमचा घेतला. खाऊन म्हणाली, "मी बोटीतून उतरून आले, तेव्हा यांच्या आयांनी माझ्या कपड्यांकडे असंच पाहिलं होतं." पुढे ती म्हातारी बहिणीची मैत्रीण झाली. त्या बायकांनीच भांडून बायकांना प्रार्थनेत बरोबरीची जागा मिळवली, असं बहिणीने लिहिलं होतं.

इथपर्यंतची पत्रं बाई पुनःपुन्हा ऐकत. एक निळं पाकीट मात्र पेटीच्या तळाशी असे. "ते राहू दे," म्हणत.

मग एका रविवारी बाईंनी स्वतःहून दार पूर्ण उघडलं. हातात मोबाइल. "हे बघ. काल सकाळी सहाला तीनदा वाजला. मी उचलला नाही. वर निरोप."

निरोप इंग्रजीत होता. बहिणीची मुलगी लिहीत होती की त्यांच्या सिनेगॉगमधल्या बायका आपल्या आयांचा, आज्यांचा इतिहास गोळा करत आहेत. मावशीकडे आईची पत्रं असतील, तर ती मिळतील का?

"ठग आहे," बाई म्हणाल्या.

"तुमची भाची आहे, बाई."

"यहुदी बाई शनिवारी फोन करते काय?"

मी बोटांवर तास मोजले. "बाई, कॅलिफोर्नियात तेव्हा शुक्रवारच होता. संध्याकाळचे साडेपाच. ऊन होतं तिथे, शब्बाथ लागायचा होता."

बाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. पृथ्वीचा गोल हातात धरून, कुठे उजाडलं आणि कुठे मावळलं हे त्यांनी शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी मोबाइल गोलासारखा हातात फिरवला. मग म्हणाल्या, "नकाशात ठाऊक होतं. घरात लक्षात नाही आलं."

त्यानंतर त्यांनी निळं पाकीट काढायला लावलं.

त्यांच्यात मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा जण लागतात. जुन्या रीतीने दहा पुरुष. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत म्हणून दहा शब्दांचं एक वाक्य म्हणतात, एकेका माणसावर एकेक शब्द. वडील गेले तेव्हा कारखान्यातून, रेल्वेतून मिळतील तेवढे पुरुष जमवले. बाई पडद्यामागे उभ्या होत्या. वाक्य सातव्या शब्दावर थांबलं. पुढे कोणीच नव्हतं. प्रार्थना झाली नाही.

निळ्या पाकिटात बहिणीने लिहिलं होतं: "ताई, बाबांची प्रार्थना इथे झाली. नऊ जण होते. इथे आता बायकांनाही धरतात. दहावी मी होते."

"मी उत्तर नाही दिलं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, बायका धरून कुठे प्रार्थना होते? ही माझी समजूत घालून राहिली. पुढे तिने विचारलं नाही, मी बोलले नाही. गेली ती." मग साडीच्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "सात माणसं होती, पोरी. मी आणि आई पडद्यामागे. आम्हाला धरलं असतं तरी नऊच झाले असते. ती तिकडे होती ना, दहावी."

बुधवारी आम्ही भाचीला फोन लावला. मध्ये मी, इकडचं तिकडे सांगायला. बाईंचा पहिला प्रश्न, "मलिद्यात काय घालतात, विचार."

भाचीने सगळं बरोबर सांगितलं. शेवटी म्हणाली, आई त्यात तिकडची आंबट फळं, क्रॅनबेरी, घालायची.

"क्रॅनबेरी!" बाई मला म्हणाल्या. "ठग असती तर पुस्तकातलं बरोबर सांगितलं असतं. हिच्या आईने घरी केलेलंच हिला ठाऊक. आपलीच पोरगी आहे."

पत्रं द्यायचं ठरलं, पण आधी प्रत्येक पानाचे फोटो. मूळ पत्रं बाईंच्या माघारी. आणि बदल्यात एक मागणं होतं. ते सांगताना बाईंचा आवाज पहिल्यांदाच वर्गातला राहिला नाही. "तिला विचार, मी गेले की ती माझ्यासाठी प्रार्थना म्हणेल काय? इथे तर आता पहिल्या शब्दालाही माणूस नाही."

मी सांगितलं. मग भाचीने तिच्या मोडक्या मराठीत स्वतःच उत्तर दिलं, "हो मावशी."

बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "हो तर सगळेच म्हणतात."

बाई मे महिन्यात गेल्या. वडिलांशेजारी त्यांचा दगड आधीच तयार होता. भेडाघाटच्या त्याच कारागिराच्या मुलाने कोरलेला. मुलालाही ती लिपी येत नाही, याची खात्री बाईंनी स्वतः करून घेतली होती. निळ्या पाकिटासकट पेटी मी रजिस्टर्ड पार्सलने पाठवली.

भाचीने कळवलं, शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना आहे. म्हणजे आपल्याकडे शनिवारची सकाळ. साडेसहाला मी जाऊन बाईंच्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभी राहिले. काहून, ते कोणी विचारलं नाही.

रविवारी निरोप आला. "वाक्य पुरं झालं. शेवटचा शब्द माझ्यावर आला."

मी वाचलं आणि मला बाईंचा आवाज ऐकू आला. त्या काय विचारतील, ते मला ठाऊक होतं. म्हणून तेच लिहून पाठवलं: मोजलं कोणी?

उत्तर लगेच आलं. "मीच. दोनदा."