गडग्याबाहेरचा नळ

मंगळवारी मालवणजवळच्या एका वाडीत सोलर पंप बसवायला गेले होते. माझं कामच ते आहे. साइट बघायची, ड्रॉइंग काढायचं, पंप चालू करून निघायचं.

विहीर सालूकाकांची. वैशाखात आसपासच्या विहिरी मचूळ होतात, पण हिचं पाणी गोड राहतं. त्यामुळे शेजारच्या तारामावशी आणि रझियाचाची उन्हाळाभर इथूनच पिण्याचं पाणी नेतात... वर्षानुवर्षं.

काकांचा मुलगा मुंबईला असतो. घरात होमस्टे सुरू करतोय. पाहुण्यांची लहान मुलं येणार म्हणून विहिरीवर कुलपाचं झाकण हवं आणि सगळे नळ घरात, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. ड्रॉइंग त्याप्रमाणे तयार होतं.

दोघी कळश्या घेऊन आल्या आणि विहिरीला टेकवून ठेवलेलं लोखंडी झाकण बघून थांबल्या. "ह्या लागला काय आमी खंय जावचा गो?" तारामावशींनी मला विचारलं. मी म्हटलं, काकांना विचारा. उत्तर बरोबर होतं... आणि सोयीचंही.

काका पडवीत बसून होते. खर्च मुलाचा, त्यामुळे मध्ये पडत नव्हते.

पाण्याचा खारटपणा मोजायला मी एक बादली काढली आणि उरलेल्या पाण्यात आपली बाटली बुडवली. "अगो, आपली आदी?" रझियाचाची हसल्या. या विहिरीवर म्हणे जो पाणी काढेल त्याने आधी शेजारी उभ्या असलेल्याची कळशी भरायची. मग स्वतःची.

मी सहज विचारलं, हा नियम कुणाचा? झालं...

"आमचो. तानेल्याक पाणी देवचा, ह्योच धर्म," तारामावशी म्हणाल्या.

"तुमचो कसो? पाणी अडवलास तर वर जाब देवचो लागता, असा आमच्यात सांगतत," रझियाचाची.

काका पडवीतून म्हणाले, "आमचो फादर दर आयतवारी चर्चात ह्याच सांगता. शेजाऱ्याक आपल्यासारखो मान."

तारामावशींनी कळशी कमरेवर घेतली. "मगे तू आयतवारचाच ऐकतंस काय रे सालू? आज मंगळवार आसा."

रझियाचाची पदराआड हसल्या. काका हसले नाहीत. उठून आत गेले.

आतून फोनवरचा आवाज येत होता. पलीकडून मुलगा बराच वेळ बोलत असावा. शेवटी काकांचं एकच वाक्य ऐकू आलं. "पाणी कमी पडला तर एक खोली कमी कर."

बाहेर येऊन मला म्हणाले, "झाकण बसव गो. पण पयलो नळ गडग्याच्या भायर."

म्हणजे टाकीत जाण्याआधी पाणी चिऱ्याच्या कुंपणाबाहेर जाणार. ऊन असेपर्यंत तो नळ कुणीही सोडावा... घराची टाकी त्यानंतर. मी पाइप जास्त लागेल एवढं सांगितलं आणि ड्रॉइंग बदललं.

मला देवाधर्मातलं फारसं कळत नाही, आणि त्यावर सहसा मी बोलतही नाही. पण तिघं तीन ठिकाणी जाऊन एकच गोष्ट शिकून आले होते, आणि ती पाळायची वेळ आली ती कुठल्या प्रार्थनेत नाही, आठवड्याच्या मधल्याच एका साध्या दिवशी, विहिरीवर.

ड्रॉइंगवर कुंपणाच्या आतली नळाची रेघ खोडून ती बाहेर काढताना मला बरं वाटलं. एवढंच सांगायचं होतं.